न बदललेल्या ईसीयूचे बावन्न हजार

माझ्याकडे २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. दिसायला साधी सेडान, पण बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो इंजिन, चार सिलिंडरला वीस व्हॉल्व्ह आणि दीडशे घोडे. खंबाटकीच्या चढाला टर्बो जागा झाला की वय विसरायला होतं, गाडीचंही आणि माझंही. घरच्यांच्या मते हा पांढरा हत्ती. गेल्या मे महिन्यात या हत्तीपायी बावन्न हजारांना फसलो. जुनी गाडी हौसेने बाळगणारे साताऱ्यात कमी नाहीत आणि त्यांना गाठणारेही कमी नाहीत, म्हणून सगळं लिहून काढतोय.

सुरुवात यवतेश्वरच्या घाटात झाली. पाहुण्यांना कास दाखवायला निघालो होतो. गाडीत पाच माणसं, एसी चालू. एका वळणावर इंजिन गप्प. धक्का नाही, खडखड नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तसं. सेल्फ मारला तर इंजिन दणक्यात फिरतंय, पण पकडत नाही. बायको काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. पाहुण्यांचा चिवडा संपेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, मग सहज किल्ली फिरवली तर अर्ध्या सेल्फमध्ये चालू! पुढच्या आठवड्यात पोवई नाक्यावर ऐन गर्दीत पुन्हा तेच.

हायवेलगत एक गॅरेज आहे, ‘परदेशी गाड्यांचे तज्ज्ञ’ वगैरे पाटी असलेलं. नाव घेत नाही. तिथल्या पोराने लॅपटॉप जोडला, मालकाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंग्रजीत एक लाल ओळ. “बघा साहेब, ईसीयू गेला. गाडीचा मेंदूच. नवा घेतला तर लाखाच्या पुढं, पण पुण्याहून रिपेअर केलेला आणून देतो. पेट्रोलचा पंपही प्रेशर देत नाही, तो पण उरकून घेऊ.” मेव्हण्याला दाखवायला म्हणून मी त्या स्क्रीनचा फोटो काढला. मेव्हण्याला दाखवायचं राहूनच गेलं.

चार दिवसांनी सकाळी दहाला बोलावणं आलं. गाडी रात्रभर उभी, गारढोण. किल्ली टेकवताच चालू. “ऐका आवाज, घड्याळासारखी चालतीय.” ईसीयूचे ३४,०००, पंपाचे ११,५००, मजुरी ६,५००. वीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख, कारण “जीएसटी लावला तर तुमचंच बिल फुगेल.” हातात आली ती वहीच्या पानावरची चिठ्ठी. जुना पंप मागितला तर म्हणाला, तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जातो. मी मान डोलावली. इथे मी फसलो नाही, मी मूर्खपणा केला, यात फरक आहे.

सहाव्या दिवशी सांगलीला निघालो आणि तासवडे टोलच्या अलीकडे गाडीने पुन्हा मान टाकली. थांबत, गार करत सांगली गाठली. मामेभावाने एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. “थंड असताना चालू होते? गरम झाल्यावरच अडते? मग आधी गरम करून आणा.” विश्रामबागेतून मिरज रस्त्याला एक फेरी मारली, परत येऊन एसी लावून उभी ठेवली. वीसेक मिनिटांत बंद.

“आता सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा.” इंजिन फिरत होतं, काटा शून्यावर चिकटलेला. “सेल्फवर तो जरा तरी हलायला पाहिजे. इंजिन फिरतंय हे ईसीयूला दिसतच नाही. मेंदू ठीक आहे, डोळा मिटलाय.”

तो डोळा म्हणजे क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टवर दात असलेलं एक चाक असतं, त्यात दोन दातांची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली. सेन्सरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीला प्रत्येक दातागणिक एक ठोका मिळतो, मोकळ्या जागेवरून पिस्टन कुठे आहे ते कळतं. ठोके थांबले की ईसीयू ना स्पार्क देतो, ना पेट्रोल. आणि तार आतून तुटलेली असेल तर तापल्यावर टोकं लांब जातात, गार झाल्यावर पुन्हा टेकतात. चाचांनी ऑइल फिल्टरजवळच्या त्या सेन्सरच्या करड्या प्लगला मल्टिमीटर लावला. काहीच रीडिंग नाही. सेन्सरवर ओलं फडकं दाबून धरलं, चहा झाला, पुन्हा लावला. नऊशे ओहमच्या आसपास.

मी तो फोटो दाखवला. चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. “यातच लिहिलंय की! पी०३२२. इंजिन स्पीड सेन्सर, सिग्नल नाही.” दहा-बारा दिवस निदान माझ्याच खिशात होतं.

मग त्यांनी वायपरखालचं प्लास्टिकचं झाकण उचललं. ईसीयू तिथे असतो. त्याच्या पट्टीवर मातीचा थर, जांभळाची कुजलेली पानं आणि कोपऱ्यात कोळ्याचं अख्खं जाळं. ती पट्टी काढल्याशिवाय ईसीयू निघतच नाही. शिवाय दुसऱ्या गाडीचा ईसीयू बसवला तर तो इमोबिलायझरशी, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेशी, जुळवावा लागतो, नाहीतर इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. त्या कामाबद्दल गॅरेजवाल्याने चकार शब्द काढला नव्हता. मागच्या सीटखाली पंपाच्या झाकणाच्या स्क्रूंवरचा गंजही जागच्या जागी होता.

सेन्सर पुण्याहून दोन दिवसांत आला. २,८०० रुपये. चाचांनी मजुरी घेतली पाचशे.

माझं डोकं फिरलं ते पैशांपेक्षा त्या सकाळी दहाच्या वेळेमुळे. त्या माणसाला बिघाड नेमका माहीत होता. गार गाडी चालू होणारच, हेही माहीत होतं. म्हणून सांगतो, गरम झाल्यावर अडणारी गाडी गार असताना ताब्यात घेऊ नका. मालकाला शेजारी बसवून घाट चढवा, वर एसी लावून उभी ठेवा, बंद करून पुन्हा चालू करा, मगच पैसे. स्कॅनरवर कोड आला की तो कोड स्वतः लिहून घ्या आणि घरी जाऊन शोधा. कोड कुठला सिग्नल बिघडला ते सांगतो, कुठला पार्ट टाकायचा ते नाही. माझ्या बाबतीत वायर किंवा प्लगही असू शकला असता, चाचांनी म्हणूनच आधी मीटर लावला. आणि जुना पार्ट पिशवीत घालून द्या असं काम द्यायच्या आधीच सांगा, नंतर नाही.

गॅरेजवर गेलो तर मालक म्हणाला, “या चिठ्ठीवर आमचं नाव दाखवा.” खरंच नव्हतं. पण यूपीआयची नोंद आहे, लाल ओळीचा फोटो आहे आणि “ईसीयू बसला, गाडी न्यायला या” हा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज आहे. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, त्यावर गॅरेजने उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. चाचांनी तपासणीत काय आढळलं ते सहीनिशी लिहून दिलंय, कोळ्याच्या जाळ्याच्या फोटोसकट.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. गाडी घेऊनच जाणार म्हणालो, तर बायको म्हणाली, “अहो, रिक्षाने जा.”