आमदाराची निवडणूक-कुंडली कुठे पाहावी: ‘माय नेता’, आयोगाचे अहवाल आणि फॉर्म २०

वडाळ्याचे आमदार कालिदास कोळंबकर १९९० पासून विधानसभेची एकही निवडणूक हरलेले नाहीत. नऊ विजय, तीन पक्ष, दोन मतदारसंघ आणि मधे एक पोटनिवडणूक. आमदाराचा निवडणूक-इतिहास दाखवणारी कुठलीही साइट पारखायची तर हेच नाव टाकून बघावं, कारण अशा साइटी जिथे अडखळतात त्या बहुतेक जागा या एका कारकिर्दीत आहेत. १९९० ते २००४ शिवसेनेतर्फे नायगावमधून चार वेळा. नारायण राणे यांच्यासोबत पक्ष सोडल्यावर काँग्रेसतर्फे नायगावचीच पोटनिवडणूक. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत नायगाव गेल्यावर २००९ आणि २०१४ ला काँग्रेसतर्फे वडाळा. २०१९ आणि २०२४ ला वडाळाच, पण भाजपतर्फे.

मतदाराला फुकटात मिळणाऱ्या मुख्य सेवा चार: एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेची ‘माय नेता’ साइट, उमेदवारांनी मालमत्ता आणि गुन्ह्यांबद्दल भरलेल्या प्रतिज्ञापत्रांचं निवडणूक आयोगाचं पोर्टल, आयोगाचे सांख्यिकी अहवाल, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर मिळणारे फॉर्म २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालाचे तक्ते. चारही कामाच्या आहेत, पण एकटी कुठलीच पुरत नाही.

सुरुवात ‘माय नेता’पासून करावी, कारण ती सगळ्यात सोपी आहे. नाव टाकलं की उमेदवाराचं पान उघडतं: वय, शिक्षण, व्यवसाय, प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, कर्ज. त्याच पानावर आधीच्या निवडणुकांत जाहीर केलेली मालमत्ता आणि गुन्ह्यांची संख्या शेजारीशेजारी दिसते. मतदारसंघाच्या पानावर सगळे उमेदवार एका तक्त्यात येतात. दहा-पंधरा प्रतिज्ञापत्रं एकेक करून वाचायला बसलात तर अख्खा रविवार जाईल, तेच इथे पाच मिनिटांत नजरेखालून जातं. हे काम एका बिगरसरकारी संस्थेनं वर्षानुवर्षं चालवलंय, आणि ते आहे म्हणून वर्तमानपत्रांच्या निवडणूक पुरवण्या भरतात. त्याचं मोल मोठं आहे.

मर्यादा मात्र ओळखून वापरावी. उमेदवाराचे गुन्हे आणि मालमत्ता जाणण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २००२ आणि २००३ च्या निकालांत पक्का केला. त्यामुळे महाराष्ट्रापुरती ‘माय नेता’ची मांडणी २००४ पासून सुरू होते. कोळंबकरांचे १९९०, १९९५ आणि १९९९ हे तीन विजय तिथे सापडायचे नाहीत, आणि त्यात साइटची चूकही नाही. तेव्हा प्रतिज्ञापत्रंच नव्हती.

दुसरी अडचण भाषेची. मुंबईतली बरीच प्रतिज्ञापत्रं मराठीत असतात, काही हातानं लिहिलेली. ती वाचून इंग्रजीत भरताना शून्य वाढणं, गटक्रमांक चुकणं, ‘लागू नाही’च्या जागी कोरं राहणं हे होतं. म्हणून कुठलाही आकडा दुसऱ्याला सांगण्याआधी मूळ प्रतिज्ञापत्र उघडायचं. नावाचंही तसंच. ‘सदा सरवणकर’ आणि ‘सदानंद शंकर सरवणकर’ हा एकच माणूस आहे हे साइटला आपोआप कळेलच असं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम बदलून दोन-तीनदा शोधावं.

मूळ कागद मिळतो तो आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवर. निवडणुकीचा प्रकार, राज्य, मतदारसंघ निवडला की यादी येते आणि तिथेच बहुतेक जण गोंधळतात, कारण एकच नाव तीन-चार वेळा दिसतं. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. एखादा तांत्रिक कारणानं बाद झालाच तर दुसरा शाबूत राहावा म्हणून मोठ्या पक्षांचे लोक ते भरतातच. काही वेळा छाननीआधी सुधारित प्रतिज्ञापत्रही दाखल होतं. तेव्हा ‘स्वीकृत’ शेरा असलेला अर्ज घ्यावा आणि त्यातलं शेवटच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र वाचावं. ‘माय नेता’चा आकडा आणि तुमच्या हातातला आकडा जुळत नसेल तर पहिला संशय इथे घ्या; दोघांनी वेगवेगळी प्रत उघडलेली असू शकते.

प्रतिज्ञापत्र म्हणजे फॉर्म २६. त्यात सगळ्यात घाईनं वाचला जाणारा भाग स्थावर मालमत्तेचा. प्रत्येक जमीन किंवा फ्लॅटसाठी क्षेत्रफळ, वारसाहक्कानं की स्वतः घेतलेली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, त्यावर केलेला खर्च आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत, इतके रकाने असतात. बेरजेत धरली जाते ती आजची किंमत, आणि ती उमेदवारानं स्वतः लावलेली असते. दादरमध्ये १९९५ साली घेतलेला फ्लॅट दोन निवडणुकांच्या मधे काहीही न करता दुप्पट दिसू शकतो. ‘पाच वर्षांत मालमत्ता इतके टक्के वाढली’ हा मथळा बघितला की खरेदीच्या तारखांचा रकाना उघडायचा. मागच्या निवडणुकीनंतरच्या तारखेची खरेदी आहे का, ती नेमकी कोणती, आणि तिच्यासमोर कर्जाच्या रकान्यात काय आहे, एवढं पाहिलं की खरी वाढ आणि कागदावरची वाढ वेगळी होते. त्याला आयकराची ओळ जोडून वाचावी. २०१९ पासून उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित या सगळ्यांचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं. पाच वर्षांच्या उत्पन्नाची बेरीज आणि नव्या खरेद्यांची बेरीज शेजारी मांडली, तर विचारायचा प्रश्न आपोआप सुचतो. जुन्या प्रतिज्ञापत्रांत ही पाच वर्षांची ओळ नाही, त्यामुळे २०१४ आणि २०२४ ची तुलना या बाबतीत होत नाही.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसती संख्या पाहणं सगळ्यात घातक. मुंबईत मोर्चे, रास्ता रोको आणि बंदची जुनी परंपरा. जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ व १३५, त्याला जोडून भारतीय दंड संहितेची १४३, १४९, १८८ ही कलमं लागतात. रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर अशा नोंदी साचत जातात. त्याउलट फसवणुकीचं ४२० किंवा दस्तऐवज बनावट केल्याचं ४६८ एकदाच लागलेलं असेल तरी ते वजनदार आहे. नोंद वाचताना कलम, न्यायालयाचं नाव, खटला क्रमांक आणि ‘आरोप निश्चित झाले का’ हा शेरा, या चार गोष्टी टिपाव्यात. खटला क्रमांक आणि न्यायालय हाती असलं की ई-कोर्ट्सच्या साइटवर तो आज कुठवर आलाय हे बघता येतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे २०२४ च्या प्रतिज्ञापत्रांत दोन्ही क्रमांक भेटू शकतात: सरकारी आदेश न पाळण्याचं जुनं १८८ आता २२३ आहे, आणि सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचं ३५३ आता १३२.

इथवर उमेदवाराची माहिती झाली. तो जिंकला कसा, हे मात्र ‘माय नेता’ सांगत नाही. त्यासाठी आयोगाचे सांख्यिकी अहवाल. दिसायला रूक्ष, पण या चौघांत सगळ्यात भरवशाची सेवा हीच. जुन्या निवडणुकांचा एकेक मोठा पीडीएफ आहे, अलीकडच्यांचे तक्ते वेगवेगळ्या फाइलींत आहेत. ‘सविस्तर निकाल’ नावाचा तक्ता घ्यावा. त्यात प्रत्येक उमेदवाराची मतं, टपाली मतं आणि टक्केवारी मिळते. निकालाच्या दिवशी दिसणाऱ्या पानावर विसंबू नये, पुढची निवडणूक आली की तिथे नवे निकाल येतात.

वडाळ्याचे आकडे वाचून बघा. २०१४ ला कोळंबकरांना ३८,५४० मतं, भाजपच्या मिहीर कोटेचांना ३७,७४०. फरक अवघा ८००. २०१९ ला कोळंबकरांना ५६,४८५ आणि मताधिक्य ३०,८४५. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, पाच वर्षांत लोकप्रियता गगनाला भिडली. पण २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही तुटून सगळे मोठे पक्ष स्वतंत्र लढले होते, आणि २०१४ ला दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या पक्षाचीच उमेदवारी २०१९ ला कोळंबकरांकडे होती, वर शिवसेनेशी युती. मताधिक्याचा आकडा एकटा कधीच वाचू नये. त्याच्यासोबत किती मोठे उमेदवार रिंगणात होते ते आणि पहिल्या तिघांची टक्केवारी, एवढं तरी हवं. माहीम २०२४ हे त्याचं ठळक उदाहरण: महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. फरक १,३१६ चा आणि तिसऱ्या क्रमांकाकडे तेहतीस हजार. इथे दोन नावांची तुलना काहीच सांगत नाही.

पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात, वेगळ्या शोधाव्या लागतात. अंधेरी पूर्वला २०१९ चा तक्ता विजयी म्हणून रमेश लटके दाखवतो आणि २०२४ चा मुरजी पटेल. मधे नोव्हेंबर २०२२ ला ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून निवडून आल्या आणि ‘नोटा’ १२,८०६ मतांसह दुसऱ्या क्रमांकावर राहिला, हे दोन्ही तक्त्यांत कुठेच नाही. कोळंबकरांचे नऊपैकी आठच विजय मोजणारी यादी भेटली तर समजावं, ती करणाऱ्यानं पोटनिवडणूक पाहिलेली नाही.

त्याहून मोठा घोळ २००८ च्या पुनर्रचनेचा. २००४ पर्यंत मुंबईत ३४ जागा होत्या, शहर आणि उपनगरांत १७-१७. २००९ पासून ३६ आहेत: शहरात १०, उपनगरांत २६. नायगाव, दादर ही नावंच गेली. सरवणकर २००४ ला दादरचे आमदार होते. २००९ ला काँग्रेसतर्फे माहीममधून हरले, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेतर्फे तिथूनच जिंकले. पण २००४ चं माहीम आणि २००९ चं माहीम हे नकाशावर एक नव्हेत, जुन्या दादरचा मोठा भाग नव्या माहीममध्ये आला. नाव तेच आहे म्हणून २००४ आणि २००९ ची मतं एका आलेखात जोडली तर तो आलेख खोटा ठरतो. २००९ च्या जागी रेघ मारायची आणि अलीकडचं-पलीकडचं वेगळं ठेवायचं.

पक्षाच्या रकान्यालाही आता तळटीप लागते. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. त्यामुळे शिवडीचे अजय चौधरी २०१४, २०१९ ला ‘शिवसेना’ आणि २०२४ ला ‘शिवसेना (उबाठा)’ असे दिसतात, म्हणजे तक्त्याच्या लेखी त्यांनी पक्ष बदलला. प्रत्यक्षात ते जिथे होते तिथेच राहिले. संगणकावर आपोआप बनणारं ‘पक्षांतर किती वेळा’ हे सदर महाराष्ट्रापुरतं बाजूला ठेवा.

लोकसभा आणि महापालिकेचं खातंही स्वतंत्र आहे. कुलाब्याचे राहुल नार्वेकर २०१४ ला मावळमधून राष्ट्रवादीतर्फे लोकसभा लढले होते, ते विधानसभेच्या कुठल्याच तक्त्यात येणार नाही. नगरसेवकपदापासून वर आलेल्या आमदाराची सुरुवात राज्य निवडणूक आयोगाकडे शोधावी. ही संस्था केंद्रीय आयोगाहून वेगळी, आणि २२७ प्रभागांच्या हद्दीही मधे मधे बदललेल्या.

आता फॉर्म २०. मतदान केंद्रनिहाय निकाल फक्त इथे मिळतो. आडव्या ओळीत केंद्र क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, एकूण वैध मतं, नोटा. अखेरीस यंत्रावरची बेरीज आणि टपाली मतं. कोणत्या चाळीनं, कोणत्या टॉवरनं कुणाला उचललं हे यातूनच कळतं. पण यादीत शाळेचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तो त्याच वर्षीच्या मतदार यादीच्या भागाशी जोडावा लागतो, आणि केंद्रांची दर निवडणुकीला फेररचना होते. २०१९ चं केंद्र क्रमांक ४० आणि २०२४ चं ४० एकाच गल्लीतलं असेल याची खात्री नाही. क्रमांक जुळवू नका, पत्ते जुळवा. बऱ्याच फाइली स्कॅन केलेल्या आहेत, त्यांत शोध चालत नाही, आकडे हातानं उतरवावे लागतात. सरकारनं हे तक्ते एक्सेलमध्ये द्यायलाच हवेत. यंत्रातून मोजलेली मतं आधी कागदावर छापायची आणि मग त्याचा फोटो लोकांपुढे ठेवायचा, याला काही कारण उरलेलं नाही.

वेळेचंही बघा. २०२४ ला अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर आणि मतदान २० नोव्हेंबर होतं. म्हणजे अंतिम यादी लागल्यापासून मतदानापर्यंत जेमतेम सोळा दिवस. छाननी झाली की लगेच आपल्या मतदारसंघातल्या मोठ्या उमेदवारांची स्वीकृत प्रतिज्ञापत्रं उतरवून ठेवावीत आणि जुन्या निवडणुकांच्या अहवालांचं काम त्याआधीच उरकावं. निकालानंतर आणखी एक कागद येतो: ३० दिवसांत द्यायचा खर्चाचा हिशेब. विधानसभेची मर्यादा ४० लाखांची आहे. हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जातो, म्हणजे शहरासाठी फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमधलं जिल्हाधिकारी कार्यालय आणि उपनगरांसाठी वांद्रे पूर्वेचं.