कोसळत्या प्रोग्रामचा शेवटचा जबाब: ग्लिबसीची बॅकट्रेस सुविधा

म्हापशातील एका दुकानाच्या बिलिंगसाठी मी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम अधूनमधून कोसळत असे आणि पणजीहून तेथे पोहोचून डीबगर (चूक शोधण्याचे साधन) लावेपर्यंत काहीच पुरावा उरत नसे, म्हणून लिनक्सवर ग्लिबसी या सी भाषेच्या लायब्ररीसोबत फुकट मिळणारी बॅकट्रेस सुविधा वापरून पाहिली.

सेगमेंटेशन फॉल्टचा, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा, सिग्नल पकडून एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची साखळी छापण्याचे काम ती चोख करते. मात्र बॅकट्रेस_सिम्बॉल्स हे सोयीचे वाटणारे फंक्शन सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वापरू नये, कारण ते आतून मॅलॉक हे मेमरी मागणारे फंक्शन बोलावते आणि ती मेमरी जिथून मिळते तो हीपच बिघडलेला असेल, तर वाचवायला उतरलेलाच बुडतो. बॅकट्रेस_सिम्बॉल्स_एफडी मात्र मॅलॉकशिवाय थेट फाइलमध्ये लिहिते. तरीही एक खोच राहतेच: बॅकट्रेस हे फंक्शन प्रथम बोलावल्यावर लिबजीसीसी ही कंपायलरची लायब्ररी लोड होते व तेव्हा मेमरी मागितली जाऊ शकते, त्यामुळे प्रोग्राम सुरू होतानाच ते एकदा विनाकारण बोलावून ठेवावे. ही युक्ती मला उशिरा कळली.

साखळीत फंक्शनांची नावे दिसण्यासाठी लिंक करताना आरडायनॅमिक हा पर्याय द्यावा लागतो. स्टॅटिक (एकाच फाइलपुरत्या) फंक्शनांची नावे तरीही मिळत नाहीत, आणि ओळ क्रमांकासाठी छापलेले मेमरीतले पत्ते ॲडर-टू-लाइन या साधनाला द्यावे लागतात, हे कंटाळवाणे आहे. फंक्शन-कॉलसाठीची मेमरी, म्हणजे स्टॅकच संपला असेल, तर सिगऑल्टस्टॅकने वेगळी जागा राखून ठेवल्याशिवाय हँडलर चालतच नाही. मसल या ग्लिबसीऐवजीच्या सी लायब्ररीवर आधारलेल्या अल्पाइन लिनक्समध्ये तर ही सुविधाच नाही.