एक्स्टेन्शनची फाईल: आमच्या आयटी कक्षाच्या मंजुरी सेवेला साडेतीन तारे

आमच्या कार्यालयात क्रोम ब्राउझरला एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोय देणारा छोटा प्रोग्राम, जोडायचं असेल तर आता फाईल चालवावी लागते. भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला हे सांगितलं तर आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "मावशी, आमच्याकडेही असंच आहे. फक्त फाईलला आम्ही तिकीट म्हणतो." म्हणजे ही सेवा सगळीकडे आहे, पण ती कशी चालते यावर कुणी दोन शब्द लिहीत नाही. मी तिची जुनी गिऱ्हाईक असल्याने लिहिते.

मी एका राज्य शासकीय यंत्रणेच्या विभागीय कार्यालयात सांख्यिकी सहायक आहे. दिवस सगळा ब्राउझरमध्येच जातो. ई-ऑफिसमधल्या संचिका, जिल्ह्यांकडून आलेले तक्ते, ते पोर्टलवर चढवणं, आणि महिनाअखेरीला लेखा शाखेत सेवार्थ (पगारबिलांची प्रणाली) नि बीम्स (अनुदान वाटपाची प्रणाली) उघडून बसलेल्या मंडळींच्या खुर्चीमागे उभं राहणं. मंजुरी वगैरे नव्हती तेव्हा आवक-जावकच्या संगणकावर क्रोम उघडलं की वर हवामान, बाजूला खरेदीची कूपनं आणि नव्या टॅबवर कुठलं तरी भलतंच सर्च इंजिन असायचं. कुणी टाकलं विचारलं तर "आधीपासूनच आहे" हे एकच उत्तर. एनआयसीने (केंद्र सरकारची आयटी संस्था) जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यात ब्राउझरमध्ये बाहेरचे टूलबार वापरू नका असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि उदाहरणात हवामानाचा टूलबारही होता. परिपत्रक आमच्याकडे फिरलं, सगळ्यांनी 'वाचले' म्हणून सह्या केल्या, हवामान जागेवरच राहिलं.

आता तसं नाही. आयटी कक्षाने सगळे संगणक एका धोरणाखाली आणले. एक्स्टेन्शन मुळात सगळीच बंद, मंजूर यादीतली तेवढी चालू. क्रोम वेब स्टोअरमध्ये गेलं की जिथे 'क्रोममध्ये जोडा' असायचं तिथे विनंतीचं बटण दिसतं. ते दाबलं की कारण लिहायला एक चौकट येते. इथपर्यंत अगदी झकास. पण पुढे आमचं सरकारी रक्त उसळतं. नुसत्या बटणाने काम भागत नाही, दोन पानी विहित नमुनाही भरायचा. एक्स्टेन्शनचं नाव, बनवणारा कोण, कोणत्या संकेतस्थळांवर वापरणार, कोणती माहिती त्याला दिसणार, गोपनीयता धोरण आहे का, दुसरा पर्याय पाहिला का. मग तो शाखाप्रमुखांच्या शिफारशीने आयटी कक्षाकडे आणि तिथून माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांकडे. ते महिन्यातले निम्मे दिवस मुंबईत बैठकीला असतात.

नमुन्यावर मी आधी नाक मुरडलं होतं, पण त्यातला एकेक रकाना वाया नाही असं आता माझं मत आहे. गोपनीयता धोरणाचंच घ्या. ड्युओ लॅब्स या सुरक्षा संशोधकांच्या गटाने २०१९ च्या सुरुवातीला क्रोम स्टोअरमधली १,२०,००० हून जास्त एक्स्टेन्शन्स तपासली. जवळपास ८५ टक्क्यांकडे असलं धोरण नव्हतंच. म्हणजे तुमची माहिती घेऊन आम्ही काय करतो हे सांगायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. या एका रकान्यावर आमच्याकडचे कितीतरी अर्ज शाखेतच गळून पडतात.

माझी पहिली विनंती पूर्ण पानाच्या स्क्रीनशॉटची होती. पोर्टलवर तक्ता भरला की त्याची पावती म्हणून अख्खं पान संचिकेला जोडायचं असतं, आणि तो तक्ता तीन-चार पडदे लांब. आयटी कक्षात एक कंत्राटी मुलगा आहे. या सेवेचे जे काही तारे आहेत ते निम्म्याहून जास्त त्याचे. त्याने मला शेजारी बसवून दोन स्क्रीनशॉट एक्स्टेन्शन्सच्या परवानग्या दाखवल्या. एक फक्त आपण त्याच्या चिन्हावर क्लिक केल्यावर, समोर उघड्या असलेल्या टॅबपुरतं काम करतं. दुसऱ्याला 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणं आणि बदलणं' हवं. काम दोघांचं एकच, चित्र काढणं. "मॅडम, दुसऱ्याला बँकेचं पान पण दिसणार, मेल पण दिसणार, आणि त्याने पानावरचा आकडा बदलला तरी तुम्हाला कळणार नाही." आकडे बदलण्याचं नाव काढल्यावर सांख्यिकीवाल्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. पहिल्यासाठी अर्ज केला.

मंजुरी आली. आनंदाने पोर्टल उघडलं, चिन्हावर क्लिक केलं, तर काहीच होईना. कक्षाने धोरणात आणखी एक कलम घातलं आहे: यादीत असो वा नसो, कुठल्याही एक्स्टेन्शनला सरकारी संकेतस्थळांवर हात लावायची मुभा नाही. क्रोममध्ये अशी सोय आहे. पत्त्यांची यादी दिली की त्या पानांवर एक्स्टेन्शन आंधळं होतं. मला जे पान टिपायचं होतं ते नेमकं त्या यादीतलं. बातम्यांच्या संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट मात्र सुरेख येतो, तो काय संचिकेला लावू?

यावरून मी वाद घालायला गेले आणि पटवून घेऊन परत आले. पगारबिलं, निविदा, लाभार्थ्यांची नावं, सगळं याच पानांवर असतं. तिथे बाहेरच्या कुणाला शिरू द्यायचं नाही हे कलम पूर्ण धोरणातलं सगळ्यात शहाणं कलम आहे. पण मग मंजुरीच्या पत्रातच 'सरकारी संकेतस्थळांवर चालणार नाही' असं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? माझा अर्ज वाचणाऱ्याला पत्ता दिसत होता, मी तो नमुन्यात लिहिला होता. शेवटी त्या मुलानेच मार्ग सांगितला. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबलं की पूर्ण पान टिपायची सोय ब्राउझरमध्येच आहे. फायरफॉक्समध्येही आहे. एक्स्टेन्शन लागतच नाही.

नकाराच्या बाबतीत मात्र ही सेवा मंजुरीपेक्षा चांगली आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. आस्थापनेतल्या भाऊसाहेबांनी मराठी टंकलेखनाचं एक्स्टेन्शन मागितलं होतं. नकार आला, पण सोबत माणूस आला आणि विंडोजमधला मराठी फोनेटिक कळफलक सुरू करून गेला. विंडोज १० मध्ये तो २०१९ पासून आहे, आणि आमचे लोक कुठून कुठून काय उतरवत बसले होते. लेखा शाखेतल्या ताईंना इंग्रजी व्याकरण तपासणारं हवं होतं. महालेखापालांना उत्तरं पाठवताना त्यांची धाकधूक होते, ती मला कळते. पण अशी तपासणी बहुतेक वेळा आपल्या संगणकावर होत नाही, लिहिलेलं वाक्य कंपनीच्या सर्व्हरवर जातं. लेखापरीक्षणाच्या आक्षेपाचं उत्तर शासनाच्या आधी तिकडे पोचायचं, हे कुणालाच पसंत पडणारं नाही. ताई अजून रुसल्या आहेत. आणि पानाचा गोषवारा काढून देणाऱ्या एआय साइडबारचा अर्ज ज्या वेगाने नामंजूर झाला, तो वेग आम्ही कुठल्याही रजेच्या अर्जाला पाहिलेला नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक असली एआय साधनं टाळा म्हणून कळवलं होतं. ते पत्र आम्हाला लागू नाही, पण साहेबांनी त्याची प्रत जोडून ठेवली.

जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनवर कक्षात दोन तट होते. मी 'द्यावं' म्हणणाऱ्यांत. खोटी 'डाउनलोड' बटणं आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' या जाहिरातींवर आमच्याकडे क्लिक होतात, ते रोखणं हीसुद्धा सुरक्षाच. अमेरिकेत सिसा ही सायबर सुरक्षा संस्था आहे, तिने २०२१ मध्येच तिथल्या संघीय कार्यालयांना जाहिरात-रोधकाचा विचार करा असं सुचवलं, आणि अशा एक्स्टेन्शनला मोठ्या परवानग्या लागतात हा धोकाही सोबतच सांगितला. आमच्या फाईलवर हा कागद लागला आणि गाडी हलली. तोवर गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, २०२५ मध्ये युब्लॉक ओरिजिन हे जुनं जाहिरात-रोधक क्रोममधून बाद झालं, आणि मंजुरी त्याच्या 'लाइट' आवृत्तीला मिळाली. त्यात काय अडवायचं त्याची यादी ब्राउझरकडे दिलेली असते आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. काही जाहिराती निसटतात. चालतं.

आता दीड तारा कुठे गेला ते. अर्धा वेळेसाठी. फाईल माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचली की तिथे मुरते, आणि तेवढ्या काळात काम थांबत नाही. माणसं पडद्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलने काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. जी माहिती एक्स्टेन्शनपासून वाचवायची म्हणून एवढा खटाटोप, ती दुपारच्या चहाआधी चार फोनमध्ये असते. शिवाय मंजूर झालेल्यांची यादी कुठे लावलेली नाही. आमच्या शाखेत ज्याला मंजुरी मिळाली त्याच एक्स्टेन्शनसाठी खालच्या मजल्यावरून नवा प्रस्ताव निघतो.

उरलेला एक तारा मी मुद्दाम कापला आहे. मंजुरी एकदाच होते, एक्स्टेन्शन मात्र बदलत राहतं. स्टोअरमधून आलेलं एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतं. नव्या आवृत्तीने जास्तीची मोठी परवानगी मागितली तर क्रोम ते बंद करून वापरणाऱ्याला विचारतं, पण सगळी पानं वाचायची परवानगी आधीच घेऊन बसलेल्याला नव्याने मागायचं काही उरतच नाही. आणि कार्यालयानेच सक्तीने बसवलेलं असेल तर परवानग्या न विचारता मिळतात, वापरणाऱ्याला ते बंदही करता येत नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून जास्त लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकलं, नवा मालक कोण ते कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक म्हणून काढून टाकलं. आमच्या नमुन्यात 'बनवणारा कोण' हा रकाना आहे, पण तो भरला त्या दिवसाचं उत्तर तिथे कायमचं बसतं.

मालक बदलायचीही गरज नाही. सायबरहेवन ही तर माहितीची गळती रोखणारी कंपनी. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या एका कर्मचाऱ्याला मेल आला की तुमचं एक्स्टेन्शन नियमभंगामुळे स्टोअरमधून काढलं जाणार आहे. त्याने घाबरून दुव्यावर जाऊन एका ॲपला परवानगी दिली. पासवर्ड चोरीला गेला नाही, दुहेरी पडताळणीचा उपयोग झाला नाही. हल्लेखोरांनी कंपनीच्या नावानेच बिघडवलेली आवृत्ती चढवली, आणि सुमारे चार लाख लोक वापरत असलेलं ते एक्स्टेन्शन साधारण दिवसभर तसं फिरत होतं. आमच्या नमुन्यात या एक्स्टेन्शनला प्रत्येक रकान्यात चांगले गुण मिळाले असते.

यावर उपाय त्या कंत्राटी मुलाने टिपणीत मांडला आहे. मंजुरी कायमची न देता सहा महिन्यांची द्यायची, यादीतलं कुणी विकलं गेलं का, परवानग्या वाढल्या का ते दर वेळी पाहायचं, आणि जी दोन-तीन अत्यावश्यक आहेत ती स्टोअरऐवजी आपल्या सर्व्हरवर ठेवून तपासलेली आवृत्तीच संगणकांवर जाऊ द्यायची. तांत्रिकदृष्ट्या यात नवं काही नाही, धोरणात अद्ययावतीचा पत्ता बदलता येतो. त्या टिपणीवर 'चर्चा करावी' असा शेरा आहे. चर्चा कुणी कुणाशी करावी ते लिहिलेलं नाही, आणि मुलाचं कंत्राट मार्चअखेर संपतं.

तोवर मी काय करते तर एनआयसीच्या त्याच सूचनांमधलं दुसरं वाक्य पाळते: सरकारी ॲप्लिकेशन, मेल आणि बँकेची कामं ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा. क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शन्स मुळात बंद असतात, आपण मुद्दाम परवानगी दिली तरच चालतात. लेखा शाखेत मी दोघींना ही सवय लावली. भाऊसाहेबांना पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागतं म्हणून राग येतो.

तुमच्याकडेही अशी सेवा असेल आणि अर्ज करणार असाल, तर कारणाच्या चौकटीत 'कार्यालयीन कामासाठी' एवढंच लिहू नका, त्यावर हमखास खुलासा मागवतात. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पानावर, काय करायचं आहे आणि ते ब्राउझरमध्येच होतं का हे पाहिलं का, एवढं लिहा. सरकारी संकेतस्थळावर वापरायचं असेल तर ते तिथे चालेल का हे अर्ज करण्याआधी तोंडी विचारून घ्या. आणि शक्य असेल तर अधिकारी मुंबईला जायच्या आत फाईल टेबलावर पोचवा.