एकाच भावाची पाकिटे आणि शेजाऱ्याचे वाण

मृग लागला की यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आमच्या रस्त्यावरच्या कृषी केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. कपाशीच्या बीटी-2 (बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या) बियाण्याचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवते. 2024 च्या खरिपात 475 ग्रॅमच्या पाकिटाला तो 864 रुपये होता आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू होता. म्हणजे स्वस्त-महाग पाहून निवडण्याची सोयच नाही. तरीही एका वाणासाठी सकाळी सहापासून रांग लागते, त्याच भावाचे दुसरे वाण फळीवर धूळ खात पडते. याचे कारण पाकिटातल्या बियांपेक्षा ते घेणाऱ्याच्या मनात जास्त सापडते, आणि ज्या केंद्राविषयी मी लिहीत आहे तेथील मालकांना हे मन चांगले कळते.

दुकानाबाहेर एक लाकडी बाक आहे. खरी निवड गल्ल्यापाशी होत नाही, त्या बाकावरच होते. यंदा माझ्यासमोर एकाने दुसऱ्याला विचारले, “काकाजी, औंदा कोनती लावून राह्यले?” आणि उत्तर ऐकताच हातातली यादी घडी करून खिशात ठेवली. अमेरिकेतील आयोवा प्रांतात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 259 मका उत्पादकांशी बोलून 1943 साली जे मांडले, ते याहून फार वेगळे नव्हते: संकरित बियाण्याची पहिली बातमी सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते लावण्याचे मन सगळ्यात जास्त जणांचे शेजाऱ्याला पाहून झाले होते. कंपन्यांनाही हे ठाऊक असल्याने त्यांचे प्रतिनिधी हंगामात याच बाकावर येऊन बसतात आणि “सारं गाव हेच लावून राह्यलं” असे सहज बोलल्यासारखे सांगतात.

सगळे एक बोलू लागले की आपल्या डोळ्यांना दिसणारेही खोटे वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 मध्ये साध्या रेघांची लांबी ओळखायला देऊन हे दाखवले होते. मात्र गटातला एखादा जरी वेगळे बोलला, तर माणसाला स्वतःचे मत सांगण्याचे बळ येते, हेही त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. या केंद्रात ते वेगळे बोलण्याचे काम एक वही करते. कोणी कोणते वाण नेले, जमीन भारी की बरड (हलकी, मुरमाड), ओलित की कोरडवाहू आणि एकरी किती क्विंटल कापूस झाला, हे मालक गेली काही वर्षे लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत लिहून ठेवतात. मी रांगेतले वाण मागितले तेव्हा त्यांनी पान उघडून बोट ठेवले: माझ्या शेजाऱ्याला साधलेले ते पीक विहिरीच्या पाण्यावरच्या भारी काळ्या जमिनीतले होते, आणि माझे वावर बरड आहे. पाकीट विकले जात असताना ग्राहकाला थांबवणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

वहीलाही मर्यादा आहे. ज्याचे पीक बुडाले तो पुष्कळदा रागाने दुसऱ्या दुकानाकडे वळतो, त्यामुळे त्याचा आकडा या पानांवर येतच नाही आणि उतारा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. उलट 2017 साली कपाशीची बोंडे पोखरणारी गुलाबी बोंडअळी विदर्भात कोणीही विसरलेले नाही. त्या वर्षी शेतात जे वाण होते त्याचे नाव निघाले तरी लोक आजही मान फिरवतात, जणू अळी त्या एकाच पाकिटातून आली होती. हा राग वहीने जात नाही.

माझी खरी तक्रार उधारीच्या खिडकीबद्दल आहे. रोखीने घेणाऱ्याला जो मालक वही उघडून दाखवतो, तोच उधारीवाल्याच्या पिशवीत पिकाच्या टॉनिकची बाटली न विचारता टाकतो, आणि घेणाराही ‘नको’ म्हणत नाही. घेतलेल्या देण्याची परतफेड करावीच लागते, हे बंधन किती जुने आणि किती खोल आहे, याविषयी फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी 1925 मध्येच लिहिले आहे; आमच्याकडे ते साडेतीनशे रुपयांच्या बाटलीत दिसते. तालुक्याच्या गावी दुसऱ्या एका केंद्राने मला डीएपी खताच्या पोत्यासोबत नको असलेले खत लिंकिंग करून, म्हणजे सक्तीने जोडून, दिले होते, त्या मानाने हे सौम्य आहे; पण आहे ते आहे.

यंदा मी चार पाकिटे वहीतल्या वाणाची घेतली आणि एक रांगेतल्या वाणाचे, धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) चार ओळींत लावून पाहण्यासाठी. मालकांनी हसून दोन्ही लॉट नंबर एकाच बिलावर लिहिले. बिल पक्के मिळते, पण सकाळीच मागून घ्यावे. दुपारी वीज गेली की कागदाच्या चिठ्ठीवर भागवतात, आणि बियाणे उगवले नाही तर तक्रारीला ती चिठ्ठी चालत नाही.