दहा बोटांचे ठसे आणि सहा क्विंटल कापूस

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कारकून आहे. कापसाची भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या वजनातला फरक काढणे आणि ओलावा मोजून वहीत चढवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि आकड्यांच्या बाबतीत आपल्याला कोणी गंडवू शकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये, बोटांच्या ठशांवरून मुलांच्या मेंदूची क्षमता मोजतो म्हणणाऱ्या एका माणसाने मला आकडेच दाखवून बेचाळीस हजार रुपयांना फसवले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. म्हणजे माझ्या चार एकर कोरडवाहू वावरातला सहा क्विंटल कापूस त्याच्या घरी गेला. हाच प्रकार आता आणखी गावांत चालू झाल्याचे ऐकतो, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि चौथीत शिकत होता. शाळेत जाताना त्याच्या पायांत दोन चपला असत आणि घरी येताना अनेकदा एकच असे. वर्गात तो बाकावर दहा मिनिटे टिकत नसे, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडून देत असे, आणि दप्तरातली पेन्सिल दर आठवड्याला नवी घ्यावी लागे. मात्र हाच मुलगा विहिरीवरच्या मोटारपंपाचा जळालेला स्टार्टर उघडून पोत्यावर त्याचे स्क्रू ओळीने मांडीत दोन-दोन तास मान वर न करता बसे. त्यामुळे गावाचा निकाल ठरलेला होता. शेजारचे भाऊ म्हणत, "मोबाइलवर दोन घंटे बसते ना हे पोट्टं? मंग पुस्तकावर कायले बसत नाही? सारे नाटकं आहेत बाप्पा." माझ्या आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी त्याला मारले, आणि एकदा नव्हे, अनेकदा मारले; हे लपवून बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. तिची कोणतीच तक्रार नव्हती. ती शांत बसायची, कोणाच्या वाटेला जायची नाही. "नजर फळ्यावर आणि मन वावरात" असे तिच्या गुरुजींनी एकदा हसत म्हटले होते, आणि आम्हीही हसून सोडून दिले होते.

दिवाळीनंतर दोघांच्याही दप्तरातून एक छापील पत्रक घरी आले. 'आपल्या पाल्याच्या मेंदूची जन्मजात क्षमता ओळखा. अभ्यासात लक्ष नाही, चंचलता, विसराळूपणा यांवर वैज्ञानिक उपाय' असा मजकूर होता आणि रविवारी तालुक्याच्या मंगल कार्यालयात शिबिर होते. पत्रक शाळेतून आले म्हणजे ते शाळेनेच पाठवले असणार, असे आम्ही गृहीत धरले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की कोणीतरी गठ्ठा आणून दिला आणि तो न वाचताच वाटला गेला. माझी पहिली चूक तिथेच झाली.

व्याख्यान देणारा गृहस्थ सभ्य होता आणि तो खोटे बोलत आहे असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या तीन वाक्यांतली दोन खरी असत. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, जन्माच्या कितीतरी आधी तयार होतात, हे खरे आहे. त्यांच्या अभ्यासाला 'डर्मॅटोग्लिफिक्स' म्हणतात आणि हे नाव अमेरिकेतील हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिले, हेही खरे आहे. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात अवस्थांमध्ये तळहातावरच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते, हेही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. या खऱ्यांच्या आडोशाने खोटे वाक्य येई, की प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाशी जोडलेले आहे आणि ठशावरून त्या भागाची ताकद टक्क्यांत मोजता येते. याला कसलाही आधार नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला, त्यांचेही नाव त्याने घेतले. त्या सिद्धान्तात बोटांच्या ठशांचा कुठेही संबंध नाही, हे मला नंतर समजले. आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे त्याने सांगितलेले आणखी एक वाक्य तर निव्वळ दंतकथा आहे.

चाचणीचे दर मुलामागे साडेचार हजार रुपये होते. लॅपटॉपला जोडलेल्या लहानशा डबीवर दहाही बोटे तीन-तीन वेळा टेकवून घेतली आणि वीस मिनिटांत दोघेही मोकळे झाले. आठ दिवसांनी चाळीस पानांचे रंगीत, गुळगुळीत अहवाल हातात पडले. मुलाची एकाग्रता ३१ टक्के होती आणि त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, असल्याचे लिहिले होते. मुलीची एकाग्रता ८७ टक्के आणि प्रशासकीय सेवेसाठी योग्य. सौभाग्यवती परतीच्या एसटीत म्हणाली, "अहो, त्यानं पोराला एक प्रश्नसुद्धा नाही विचारला जी." मी तिला उत्तर दिले की यंत्राला प्रश्न विचारावे लागत नाहीत. ओलावा मोजायच्या मीटरला आपण कापसाचे गाव विचारतो का, असेही मी वर म्हटले. त्या वेळी हे उत्तर मला फार हुशारीचे वाटले होते.

निदानानंतर उपाय आलाच. पाच महिन्यांच्या 'मेंदू-जागृती' वर्गाचे तेहतीस हजार रुपये, त्यातले आठ हजार फोनवरून आणि पंचवीस हजार रोख, कारण रोख दिल्यास सूट होती. दर रविवारी मुलाला तालुक्याला न्यायचे, तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून कार्डांचे रंग ओळखायला शिकवायचे, आणि घरी सकाळ-संध्याकाळ एका डब्यातली भुकटी दुधातून द्यायची. डब्यावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' एवढेच लिहिलेले होते; उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख यांपैकी काहीही नव्हते. कीटकनाशकाची बाटली घेताना मी हे सगळे वाचतो, पण मुलाच्या पोटात जाणारी वस्तू घेताना मी ते पाहिले नाही. मी डॉक्टरांचा विषय काढला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला की डॉक्टर नशेची गोळी सुरू करतील आणि ती जन्मभर सुटणार नाही. शिवाय वर्ग पूर्ण केल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळवून देणारे प्रमाणपत्र देऊ, असेही आश्वासन होते. भीती आणि आमिष एकाच बैठकीत मिळाल्यावर माणूस खिशात हात घालतो.

मार्चमध्ये समारंभ झाला. माझ्या मुलाने डोळ्यांवर पट्टी बांधून चिठ्ठीवरचा मजकूर वाचला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते. शाळेतल्या तक्रारी मात्र तशाच होत्या, उलट वाढल्या होत्या. मे महिन्यातल्या एका दुपारी तो ओसरीत बहिणीशी खेळताना तीच पट्टी बांधून बसला होता आणि मी त्याच्यापुढे पंचांग धरले. त्याने मान थोडी मागे टाकली, हनुवटी वर केली आणि वाचू लागला. मी पंचांग वर उचलून त्याच्या कपाळासमोर धरले, तसा तो थांबला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "बाबा, नाकापासून खालून दिसते. पण मॅडम म्हणे, घरी सांगितलं तर शक्ती जाते." नाक आणि गाल यांच्यामध्ये पट्टी कधीच पूर्ण टेकत नाही आणि त्या फटीतून खाली धरलेला कागद दिसतो, एवढीच ती विद्या होती. पाच महिने मी माझ्या मुलाला पैसे मोजून खोटे बोलायला शिकवत होतो. रागावण्याऐवजी मी तिथून उठून गेलो.

एवढे होऊनही ठशांचा अहवाल खोटा असेल असे माझ्या मनात आले नव्हते. वर्ग वाईट होता, चाचणी मात्र बरोबर असणार, असेच मी धरून चाललो होतो. काट्यावर शंका आली तर आम्ही तीच गाडी पुन्हा चढवतो, आणि वैधमापनचे निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतात. ही साधी गोष्ट मला सुचायला ऑगस्ट उजाडला. शेजारच्या तालुक्यात तशाच दुसऱ्या चाचणीचे शिबिर लागले होते. तिथे मी मुलाला वेगळ्या नावाने नेले आणि सवलतीच्या नावाखाली पंधराशे रुपये भरून तीच दहा बोटे पुन्हा टेकवून घेतली. एकाग्रता ३१ होती ती ७४ टक्के निघाली, आणि डाव्या मेंदूचे प्राबल्य ६१ वरून ४४ वर आले. ठसे जन्मभर बदलत नाहीत, हे दोघांनीही छापून दिलेले होते. मग घरी मुलीचा जुना अहवाल नीट काढून वाचला, तर सतराव्या पानावर 'हा मुलगा नेतृत्वगुणी असून त्याला' अशी सुरुवात होती.

पोळ्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तिथे टक्के सांगणारे एकही यंत्र नव्हते. टेबल, दोन खुर्च्या आणि प्रश्न. चंचलता केव्हापासून आहे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, झोप कशी, कधी झटके आले का, जन्माच्या वेळी काही अडचण होती का, घरात आणखी कोणाचा असा स्वभाव होता का, असे दीड तास चालले. मला खरे सांगायचे तर मनात निराशा आली, की एवढ्या लांब येऊन नुसत्या गप्पाच. गुरुजींनी भरायचा एक तक्ता दिला आणि आधी कान व डोळे तपासून आणायला सांगितले, कारण ज्याला ऐकू कमी येते तोही लक्ष न देणारा दिसतो. तिसऱ्या भेटीत निदान सांगितले. मुलाला एडीएचडी आहे. म्हणजे ठसेवाल्याने लिहिलेला शब्द योगायोगाने बरोबर होता. पत्रकावर 'चंचलता' लिहून ज्यांना बोलावले, त्यांच्यात तो शब्द काहींना लागणारच.

डॉक्टर बाईंनी जे समजावले ते मी वहीत उतरवून घेतले. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत, मेंदूच्या आलेखात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही; निदान विचारपूस आणि निरीक्षण यांवरच होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांत अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे दिलेली आहेत. मुलामध्ये त्यांतल्या एका गटातली किमान सहा, निदान सहा महिने, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात, आणि त्यामुळे मुलाचे रोजचे व्यवहार खरोखर अडलेले असावे लागतात. स्टार्टरचे कोडे मी विचारले. त्या म्हणाल्या की या मुलांकडे लक्ष नसते असे नाही, लक्ष कुठे लावायचे आणि कुठून काढायचे याचा ताबा कमी असतो. आवडीचे आणि हातात लगेच फळ देणारे काम त्यांना धरून ठेवते. इतकी वर्षे गावाने जे नाटकाचा पुरावा म्हणून दाखवले होते, ते लक्षणाशी विसंगत नव्हतेच.

गोळीबद्दलही मी विचारले. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधावर कायद्याने कडक नियंत्रण आहे. ते औषध नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये येते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. ते कडक आहे याचा अर्थ ते विष आहे असा नाही, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली, भूक, वजन, उंची, नाडी पाहत द्यायचे असते. आमच्या बाबतीत आधी आम्हा आईवडिलांनाच शिकवले. एका वेळी एकच सूचना द्यायची, दहा मिनिटांचे काम आणि मग उठण्याची मुभा, पहिल्या बाकावर जागा. औषध चार महिन्यांनी सुरू झाले.

या भेटींत मुलगी सोबत असे. तिसऱ्या खेपेला तिने भावाची फाइल एसटीत विसरली आणि डॉक्टर बाई तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "हिचं काय काय हरवतं?" सौभाग्यवतीने यादी सांगायला सुरुवात केली आणि ती संपेना. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असे रूप पुष्कळदा दिसते, त्या कोणाला त्रास देत नाहीत म्हणून त्यांना कोणी तपासायला आणत नाही. ८७ टक्के एकाग्रतेच्या मुलीचे निदान गेल्या वर्षी झाले. मधल्या काळात सातवी-आठवीत गणितात मागे पडल्याबद्दल मी तिला तोच अहवाल दाखवून बोललो होतो, की तुझ्यात क्षमता आहे, तू मुद्दाम करत नाहीस. बेचाळीस हजारांपेक्षा हे मला अधिक लागते.

दहावीच्या सवलतीचे आश्वासनही पोकळच होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. जे प्रकार आहेत त्यांचेही प्रमाणपत्र अधिसूचित वैद्यकीय अधिकारीच देतात, मंगल कार्यालयात ते मिळत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो मागितला की हे लोक विषय बदलतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या गृहस्थाने 'सर्टिफाइड ब्रेन काउन्सेलर' असे कार्ड पुढे केले होते. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून पुढे पाठवता येते, आणि त्यांच्या यादीत अतिचंचलताही आहे; ते पथक आमच्या शाळेत दरवर्षी येत होते आणि मी कधी तोंड उघडले नव्हते. जिल्ह्याला जाणे शक्य नसेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने पावतीच्या पाठीमागचे 'शुल्क परत मिळणार नाही' हे वाक्य दाखवले. रोख दिलेल्या पंचवीस हजारांची तर पावतीच नव्हती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क पडत नाही, मात्र दोन वर्षांची मुदत असते आणि ती मी जेमतेम गाठली. फोनवरून दिलेल्या आठ हजारांचा आणि चाचणीच्या नऊ हजारांचा पुरावा आहे, तेवढ्यावरच प्रकरण उभे आहे. पुढची तारीख लागायची आहे.

दोन्ही अहवालांची पहिली पाने मी काट्याच्या खोलीत टेबलावरच्या काचेखाली शेजारी-शेजारी ठेवली आहेत. गाडी खाली होईपर्यंत कास्तकार तिथे चहा पीत बसतात. परवा एकाने ३१ वर बोट ठेवले, मग ७४ वर ठेवले, आणि विचारले, "भाऊ, हे दोन पोट्टे कोनाचे हो?"

"एकच आहे," मी म्हटले.