कर्ण कुठल्या पुस्तकातला घ्यायचा? ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’

चतुर्थीची गडबड ओसरली की आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या वाचनालयात नव्या पुस्तकाचा विषय निघतो. महिन्यातला एक रविवार, दुपारी साडेतीनपासून शेवटची बस पकडायची वेळ होईपर्यंत, नऊ-दहा माणसं. घरी सगळे कोंकणी बोलणारे, वाचायला मात्र मराठी. यंदा शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, ‘‘आम्हीही असं मंडळ सुरू करतोय. पात्रांवर, त्यांच्या बऱ्यावाईटावर लोक बोलते होतील असं एक पुस्तक सांगा.’’ त्यांनी तीन नावं काढून ठेवली होती. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. पहिलं १९५९चं, बाकीची दोन्ही १९६७ची. तिन्हींचं मूळ महाभारतात, पण तिन्ही वाचून उठल्यावर माणूस तीन वेगळ्या गोष्टींवर भांडतो. आम्ही ही तिन्ही वेगवेगळ्या वर्षी घेतली आहेत, त्यामुळे बाईंना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

‘ययाति’ सगळ्यांत सोपं, आणि हे मी कौतुकानेच म्हणतो. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शाळामास्तर होते. आपलं फोंड्याकडचं शिरोडा नव्हे, तेरेखोल नदीपलीकडचं. तो मास्तर पुस्तकात पानोपानी भेटतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपल्याच तोंडाने सांगतात. ययाति म्हणजे भोग. त्याचा थोरला भाऊ यति म्हणजे देहाचा तिरस्कार करणारा वैरागी. कच म्हणजे संयम. शर्मिष्ठा म्हणजे काही न मागणारं प्रेम. फळ्यावर चार खाने आखून चार नावं लिहावीत इतकं हे स्पष्ट आहे. मूळ आदिपर्वात कच संजीवनी शिकतो, देवयानीचा शाप घेतो, उलट शाप देतो आणि कथेतून निघून जातो. खांडेकर त्याला जाऊ देत नाहीत. ययातीच्या समोर उभा करायला त्यांना कुणीतरी हवाच होता.

ज्यांनी पात्राचं विश्लेषण कधी केलेलंच नाही त्यांना हे पुस्तक हात धरून चालवतं. अकरावी-बारावीची मुलं असतील तर दुसरा विचारच करू नये. देवयानी खलनायिका की अपमान झालेली बाई, एवढा एक प्रश्न टाकला तरी तास भरतो. अडचण पुढे येते. तिसऱ्या बैठकीपर्यंत आमच्याकडे सगळ्यांचं सगळ्यांशी पटू लागलं. उपभोगाने वासना शमत नाही हे ज्याला त्याला मान्य. मुळात ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’ असं व्यासांचा ययाति स्वतःच म्हणतो, पण आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगून झाल्यावर. त्या हजार वर्षांत एक गंमत आहे, थोडा निर्लज्जपणाही आहे. खांडेकरांच्या ययातीला तेवढी मोकळीक नाही, त्याच्या खांद्यावर लेखकाचा हात सतत असतो. पुस्तकाला जोडलेला खांडेकरांचा लेख आधी वाचू देऊ नका. तो वाचला की मंडळी उत्तरपत्रिका हातात घेऊनच बसतात.

‘मृत्युंजय’ची गोष्ट वेगळी. ते लिहिलं तेव्हा सावंत सत्ताविशीत होते, आणि ते वय त्यातल्या प्रत्येक वाक्याला आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण असे सहाजण सांगतात. मोठ्याने वाचायला याच्यासारखं पुस्तक नाही. लांब, दागिन्यांनी मढलेली वाक्यं. आमच्यातले जत्रेच्या नाटकात राजापार्ट करणारे दोघे वाचायला लागले की बाहेरचा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल थांबवून ऐकत उभा राहायचा.

पण चर्चेसाठी? चार वर्षांपूर्वी आम्ही ते घेतलं, आणि दुसऱ्या बैठकीपासून वाचनमंडळाचं कर्णमंडळ झालं. कुणी एखादी शंका काढली की बाकीचे त्याच्याकडे अर्जुनाने पाठवल्यासारखे बघायचे. पुस्तकाची बांधणीच तशी आहे. सहा तोंडं बोलतात, पण साक्ष एकाच बाजूची. दुर्योधन मित्राबद्दल बोलणार, वृषाली नवऱ्याबद्दल, शोण भावाबद्दल, कुंती टाकलेल्या लेकाबद्दल. द्रौपदीला स्वतंत्र खंड नाही. ज्या बाईचं कर्णाने सर्वांत मोठं नुकसान केलं तिला बोलू न देता त्याचा न्याय होतो. व्यक्तिरेखा तपासायला बसणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. कोण बोलतंय यापेक्षा कोण बोलत नाही, हे बघावं.

एक प्रसंग घेऊन दाखवतो, कारण निवड इथेच ठरते. द्यूतसभा. कर्ण द्रौपदीला भर सभेत ‘बंधकी’ म्हणजे कुलटा म्हणतो, तिच्या बाजूने उठलेल्या कौरवांतल्याच विकर्णाला गप्प करतो आणि पांडवांची व तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगतो. हे सभापर्वात आहे, यातून सुटका नाही. सावंत त्या शब्दांमागे स्वयंवरातला अपमान उभा करतात. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ ही जखम पिकत राहिली आणि तिथे फुटली. नाटकात, कीर्तनात, दूरदर्शनवर आपण सगळे हेच ऐकत आलो. मीही वर्षानुवर्षं वर्गात हेच सांगितलं.

आता पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. १९१९मध्ये सुरू झालेलं आणि १९६६मध्ये पुरं झालेलं हे काम. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून बघितल्यावर द्रौपदीचा तो नकार मुख्य पाठातून बाहेर गेला, मागाहून घातलेला ठरला. मुख्य पाठात जमलेले ब्राह्मण म्हणतात, कर्ण-शल्यांसारख्या बलवंतांना जे धनुष्य वाकवता आलं नाही ते हा पोरगा काय वाकवणार! म्हणजे अपमान नाही, पण साधं अपयश आहे. मग सभेतल्या त्या शब्दांचं काय करायचं? बचावाचा खांबच निघाला. हा मुद्दा मांडला त्या दिवशी आमची बैठक बससाठी म्हणून उठली आणि बसथांब्यावर चालू राहिली.

‘युगान्त’ घ्यावं ते यासाठी. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजच्या. नातीगोती, कुळं, वारसा यांचा अभ्यास केलेला डोळा त्यांनी महाभारताकडे वळवला आणि आधार चिकित्सक आवृत्तीचा घेतला. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे. एकेका व्यक्तीवर एकेक लेख, त्यामुळे एका रविवारी एक लेख पुरतो. हे सोयीचंही आहे. ‘मृत्युंजय’ महिन्याला दीडशे पानं मागतं, आणि भातकापणीच्या दिवसांत ती कोण वाचणार?

बाईंचं गद्य कोरडं आहे असं काहीजण म्हणतात. मला ते उकड्या तांदळाच्या पेजेसारखं वाटतं, वर काही नाही पण पोटाला धरतं. कर्णाला त्या सूट देत नाहीत. मी कोण, या एका प्रश्नाच्या मागे लागून त्याने आपलं काय करून घेतलं ते त्या दाखवतात. घोषयात्रेत, म्हणजे कौरव गुरं बघायच्या निमित्ताने वनात गेले तेव्हा, गंधर्वांपुढून तो पळाला होता, याची आठवण करून देतात. कवचकुंडलं दिली खरी, पण बदल्यात इंद्राकडून शक्ती हे अस्त्र मागून घेतलं, हे तर वनपर्वातच आहे. दान आणि सौदा यांतली रेघ कुठे मारायची यावर आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी आणि देवळाचे एक भटजी असे भांडले की चहा निवला.

भीष्मावरचा लेख, ‘शेवटचा प्रयत्न’, माझ्या मते याहून सरस आहे. आपण ज्याला त्यागाचा पुतळा मानून वाढलो, त्याच्या त्या त्यागाची किंमत कोणी मोजली? अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री. नावं ओळीने वाचली तेव्हा खोलीतल्या बायका गप्प झाल्या. मग एक आजी हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्या घरातही एक भीष्म होता.’’ पुढचा तास महाभारताचा राहिलाच नाही. कादंबरीवरच्या चर्चेत असं घडलेलं मी पाहिलं नाही. कादंबरी आपल्याला पात्राच्या आत नेऊन बसवते, तिथून आपलं घर दिसत नाही.

उणीवही सांगतो. महाभारताची कथा ज्याला ठाऊक नाही त्याने ‘युगान्त’ उघडूच नये. बाई पार्श्वभूमी सांगायला थांबत नाहीत. आमच्या पहिल्या बैठकीत एका कॉलेजच्या मुलीने विकर्ण कोण असं विचारलं आणि बारा मिनिटं वंशावळ सांगण्यात गेली. शिवाय काही ठिकाणी बाईंचा तर्क पुराव्यापुढे धावतो. विदुर हा धर्मराजाचा बाप असावा, हा त्यांचा कयास वाचायला चटकदार, सिद्ध करायला अवघड. पण तो मोडून काढायचा तर आदिपर्व उघडावं लागतं, आणि आमच्याकडच्या तिघांनी खरोखर उघडलं.

दुर्गाबाई भागवतांचं १९६२चं ‘व्यासपर्व’ही कुणी सुचवेल. सुंदर आहे. ते एकट्याने, पावसात वाचावं.

तर त्या शिक्षिकाबाईंना मी असं सांगितलं. मुलं असतील तर ‘ययाति’, तीन बैठकांत संपवा. गावातली नाटकवेडी मंडळी असतील, वाचनाची नुसती गोडी लावायची असेल, तर ‘मृत्युंजय’. तिथे चिकित्सेचा आग्रह धरू नका, लोक दुखावतात. आणि पन्नाशीच्या आसपासची, संसार बघितलेली माणसं जमणार असतील तर ‘युगान्त’च. मात्र कर्णावरच्या लेखाआधी ‘मृत्युंजय’मधला कर्णाचा एक खंड मोठ्याने वाचून घ्या. आधी प्रेमात पडू दे, मग उलटतपासणी. क्रम फिरवला तर पहिल्याच दिवशी माणूस वकील होऊन बसतो.

आमच्याकडे येणाऱ्यांत पेडण्याकडचे एक जुने दशावतारी आहेत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर रचायचे. त्यांनी कितीतरी वर्षं कर्ण उभा केला, दर रात्री त्याचा बचाव स्वतःच्या शब्दांत केला. ‘युगान्त’मधला लेख वाचून झाला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘‘बरो मनीस, पूण सभेंत कित्याक तशें उलयलो?’’ म्हणजे, माणूस चांगला, पण सभेत तसं का बोलला? मी उद्योगपर्व काढून दाखवलं. युद्धाआधी कर्ण कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्या कर्माचा मला आज ताप होतो आहे. ही ओळ चिकित्सक आवृत्तीतही शाबूत आहे.

त्यांनी ती दोनदा वाचून घेतली, चष्मा काढला. ‘‘हें पयलीं सांगपाक जाय आशिल्लें,’’ हे आधी सांगायला हवं होतं, म्हणाले. ‘‘रथाचं चाक रुतलं की मी नुसता कृष्णाला दोष देत बसायचो. तिथे हे घातलं असतं.’’