भरीत की भरली वांगी, तब्येतीला काय बरं?

आमच्याकडे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग वर्षभर वांगं चालूच, त्यामुळे हा प्रश्न मला खरंच पडतो. कच्च्या वांग्यात १०० ग्रॅमला साधारण २५ कॅलरी, ३ ग्रॅम फायबर आणि ९२ टक्के पाणी, म्हणजे मुळात हलकीच भाजी, पण आपण तिचं काय करतो त्यावर सगळं आहे.

भरताचं वांगं, ते जळगावचं हिरवट मोठं ज्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय ते असो की जांभळं, नुसत्या आगीवर भाजतं, त्याला तेल लागत नाही, तेल येतं ते फोडणीतूनच आणि ते आपल्या हातात असतं. वजन कमी करायचंय तर माझं मत सरळ भरताला. फक्त एक गोष्ट मनाला लागते, जांभळ्या सालीत नासुनिन नावाचं अँटिऑक्सिडंट असतं आणि आपण ती जळकी साल काढून टाकतो. क्लोरोजेनिक ॲसिड हे दुसरं अँटिऑक्सिडंट मात्र गरातही असतं.

भरल्या वांग्यात साल पोटात जाते आणि वांग्यात जेमतेम १ ग्रॅम असणारं प्रोटीन दाण्याच्या कुटामुळे वाढतं, २५ ग्रॅम कुटात ६ ग्रॅम तरी मिळतं, पण त्याच कुटाच्या १४० कॅलरी, वर खोबरं, आणि वांगं तर स्पंजसारखं तेल पितं, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. मी हल्ली कमी तेलात झाकण ठेवून वाफेवर शिजवते, छान होतात.